मॉनिटरवरच्या दोन टिकल्या

आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये खिडकीखाली आहे. त्याच्या काचेवर, खालच्या बाजूला, मी दोन टिकल्या लावल्या होत्या. डावीकडे हिरवी, उजवीकडे लाल. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस भाटिया एकदा वाटीभर दही मागायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"स्वरूपा, तुम लोग कंप्यूटर को भी बिंदी लगाते हो?"

"हाँ जी," मी म्हटलं, "सुहागन है बेचारी."

त्या हसत गेल्या, आणि दही घ्यायचं विसरल्या. खरं कारण त्यांना सांगायचं तर बसवून चहा करावा लागला असता.

कारण असं. शिवू पोटात होती तेव्हा माझ्या नवऱ्याला, यतीनला, त्याच्या नोएडाच्या कंपनीने तीन महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं. येताना त्याने माझ्यासाठी एक पंखा, एक हिरव्या चहाचा डबा आणि एका खेळाची सीडी आणली. इंटरनेटवर खेळायचा खेळ. एक गाव असतं, आपलं छोटं घर, घरापुढे वाफा, तळ्यात मासे, आणि हजारो माणसं एकाच वेळी त्या गावात हिंडत असतात. माझं नाव तिथल्याच पत्त्यावर नोंदवून त्याने सगळं तयार करून आणलं होतं. फक्त त्यात एकही अक्षर इंग्रजी नव्हतं.

"अगं, चित्रं बघून कळतं," तो म्हणाला. "तिकडे ऑफिसातल्या सगळ्या बायका खेळतात."

"त्या बायकांना जपानी येतं, यतीन."

"हां, तो फरक आहे."

एवढं बोलून तो ऑफिसला गेला. मी मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर उरले. नाशिकची मुलगी, दिल्लीत येऊन वर्ष झालेलं, बाजारात "भैया, ये कितने का है"च्या पुढे हिंदी सरकत नव्हती. नोकरी सोडलेली. पुढे शिवू झाली. दुपारी दोनला ती झोपायची ती साडेतीनपर्यंत. तेवढा दीड तास माझा. काही बायका झोपतात त्या वेळात. मी जपानी गावात जायचे.

अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मी ती काढायला लागले. सासरे, आमचे तात्या, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी लाल कडांची एक जाड कोरी वही दिली. त्यात मी प्रत्येक आकार काढायचे, त्याला मराठी नाव द्यायचे आणि पुढे लिहायचे की हे दाबलं तर काय होतं. 'तीन थेंब आणि शिडी.' 'झेंडा आणि छपराचं घर.' 'पाय दुमडून बसलेला माणूस.' उभ्या दोन काठ्या असलेलं एक अक्षर होतं, त्यापुढे मी लाल पेनाने लिहिलं होतं, 'हात लावू नकोस.' कारण यतीनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुरुवातीच्या पडद्यावर खाली दोन निळ्या पट्ट्या येतात, एकसारख्या. डावी दाबली की गाव उघडतं, उजवी दाबली की आपलं माणूसच पुसून टाकतात. एका हातात पेंगणारी पोर घेऊन दुसऱ्या हाताने माऊस हलवताना कोण अक्षरं बघत बसणार? म्हणून टिकल्या. हिरवी म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. लोधी रोडच्या सिग्नलसारखं.

आता छत्रीबाईंबद्दल सांगते.

खेळायला लागून आठवडा झाला असेल. मी तळ्याकाठी उभी होते. हातात गळ होता आणि मासा काही लागेना. पडद्यावर चार ओळींची सूचना यायची, मी ती बंद करायचे, पुन्हा यायची. तेवढ्यात पिवळी छत्री घेतलेली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. डोक्यावर तिचं नाव, चार अक्षरी. तिने काहीतरी लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. मग ती चार पावलं मागे गेली, गळाला काहीतरी लावलं, टाकला, मासा काढला. पुन्हा मागे गेली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अगं, ही मला दाखवतेय! मी किडा लावला, गळ टाकला. मासा आला. ती छत्री गरागरा फिरवायला लागली.

त्या दिवसापासून आमचं तसंच चाललं. तिने करायचं, मी बघून करायचं. वाफा उकरायचा कसा, दुकानात वस्तू मांडायची कशी, मांडलेली परत घ्यायची कशी, सगळं तिने करून दाखवलं. आमचे दोन वाजतात तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात. तरी ती रोज असायचीच, माझ्या कुंपणाच्या दाराशी. कधीकधी खेळता खेळता ती मटकन खाली बसायची आणि दहा-दहा मिनिटं हलायची नाही. मला वाटायचं, कंटाळली. एकदा उठल्यावर तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "kodomo". यतीनने आणलेल्या प्रवाशांच्या चिमुकल्या पुस्तकात मी शोधलं. मूल.

मग मीही शिवू रडली की पडद्यावरच्या माझ्या बाहुलीला खाली बसवायला लागले. ती समजायची. मी परत येईपर्यंत कधी शेजारी बसून राहायची, कधी माझ्या झाडांना पाणी घालून ठेवायची. तिचं खरं नाव मला माहीत नाही. गाव माहीत नाही. तिला मुलगा आहे की मुलगी, तेही नाही. पण त्या वर्षात मला कुणी "जाऊन ये तू, मी आहे" असं म्हटलं असेल, तर ते तिने.

आता खंडेनवमी.

आमच्या सासूबाई, प्रभावती, सगळ्यांच्या आई, सणाला काही सोडत नाहीत. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं काढली तेव्हाही सोडलं नाही. दिल्लीत आपटा मिळत नाही म्हणून त्या तिथल्या रस्त्यावरच्या कचनाराची पानं सोनं म्हणून वाटायच्या. पान तसंच असतं, जुळं. बंगाली शेजारणीलाही द्यायच्या आणि तामिळ शेजारणीलाही. खंडेनवमीला त्यांनी सकाळी विळी, शिलाई मशीन, तात्यांचं फाउंटन पेन, यतीनच्या स्कूटरची किल्ली, सगळं धुऊनपुसून मांडलं. कॉम्प्युटरही पुसला, हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं.

"आज कशाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दसऱ्याला उचलायचं. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस तरी विश्रांती."

"आणि तुम्हाला कधी विश्रांती?" तात्या पेपरामागून म्हणाले.

"मला पूजेला मांडा, मग बघते."

दुपारी सगळे आडवे झाले. बंगाल्यांच्या मंडपातून ढाक वाजत होता, खिडकीतून सप्तपर्णीचा वास येत होता. शिवू खांद्यावर पेंगत होती. मला एकच दिसत होतं, छत्रीबाई कुंपणाशी उभ्या असतील. त्यांना कुठे माहीत खंडेनवमी? पाच मिनिटं जाते, नुसती खाली बसते, म्हणजे कळेल की आज येत नाही. मी झेंडू उचलून बाजूला ठेवला. पडदा उघडला. हिरव्या टिकलीवर बाण नेला, दाबला. एक चौकट आली. रोज एक चौकट येते, मी रोज एंटर दाबते. दाबला.

गाव उघडलं नाही. पडद्यावर लाल अक्षरांत ओळी आल्या आणि माझी बाहुली राखेच्या रंगाची झाली.

तेव्हा मी नीट पाहिलं. हिरवी टिकली उजवीकडे होती. लाल डावीकडे. लाल तर माझी नव्हतीच, नवी कोरी मोठी टिकली होती.

डावी पट्टी आता फिकट झाली होती. दाबली, काही होईना. उजव्या पट्टीवर मात्र जास्त अक्षरं आली होती, आणि त्यातलं पहिलंच दोन काठ्यांचं. मी माऊसवरून हात काढला, विस्तवावरून काढावा तसा. बंद केलं सगळं. झेंडू परत ठेवला. शिवूला मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. आवाज न करता, कारण पलीकडे आई झोपल्या होत्या. त्यांनी नको म्हटलेलं मी केलं होतं, आणि ते लगेच भोवलं होतं. हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगू?

दसऱ्याला संध्याकाळी सोसायटीच्या मैदानात रावण जळत होता तेव्हा यतीनला सांगितलं.

"बस, एवढंच?" तो म्हणाला. "नवीन बनव ना यार. दहा मिनिटांचं काम."

"आणि तिला कसं कळणार ती मीच आहे म्हणून?"

"लिही तिला."

"कुठल्या पत्त्यावर? कुठल्या भाषेत? तिचं नावसुद्धा मला वाचता येत नाही, यतीन. नवीन बाहुली घेऊन तिच्यापुढे उभी राहिले तर मी तिच्यासाठी कोणीतरी नवशिकी. ती रोज त्या दाराशी थांबणार आणि तिला वाटणार, गेली ही, न सांगता."

फटाके संपले. मग तो म्हणाला, "आमचे जपानी साहेब दिवाळीनंतर येतील परत. त्यांना विचारू." दिवाळीला तीन आठवडे होते. मी ते चिमुकलं पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात 'स्टेशन कुठे आहे' होतं, 'माझं पोट दुखतंय' होतं. 'माझं माणूस परत द्या' नव्हतं.

मंगळवारी दुपारी आई शिवूला घेऊन खाली बागेत गेल्या, तेव्हा मी धीर करून पुन्हा तो पडदा उघडला. राखेची बाहुली तशीच उभी होती. मी वहीत नवीन आकार काढायला घेतले. काढता काढता डोळे भरले, आणि मागून आवाज आला.

"कसली नोटिंग चाललीय सूनबाई?"

तात्या. श्यामकांत हे त्यांचं कागदोपत्री नाव, पण पस्तीस वर्षं खात्यात सगळे तात्यासाहेबच म्हणत. अभिलेख शाखेत होते. म्हणजे जुन्या फायली सांभाळणं आणि वेळ आली की त्यांना निरोप देणं. मी डोळे पुसून सगळं सांगितलं. नवमीला हात लावला तेही सांगितलं. ते तेवढंच सोडून बाकीचं ऐकल्यासारखे वागले. चष्मा लावला, खुर्ची ओढली.

"ही दिसतेय की अजून," ते बाहुलीकडे बोट करून म्हणाले.

"दिसतेय, पण मेलीय."

"मेली असती तर दिसली नसती. खाली आकडे कसले आहेत?"

बाहुलीखाली लहान अक्षरांत काहीतरी होतं. रडताना मी ते वाचलंच नव्हतं. अक्षरांच्या मध्ये आकडे आपलेच, 10/27 आणि पुढे 17:35.

"तू दाबलंस कधी?"

"शनिवारी. वीस तारखेला."

"किती वाजता?"

"दोन वाजून गेले होते. शिवू तेव्हाच..." आणि मी थांबले. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. दोन-पाच आणि साडेतीन तास, पाच-पस्तीस. "तात्या, ही तीच वेळ आहे! फक्त सात दिवसांनंतरची."

तात्या मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मुदत," ते म्हणाले. "अगं, कुठलंही शहाणं खातं कागद त्याच दिवशी फाडत नाही. नष्ट करायचा शेरा मारायचा, मग मुदत ठेवायची. तेवढ्यात कुणी आलं की बाबा, मला हवाय तो कागद, तर शेरा मागे घ्यायचा. मी पस्तीस वर्षं हेच केलं. जपान्यांचं खातं बरं दिसतंय."

"पण मागे घ्यायचं कसं? आता एकच पट्टी उरलीय, आणि तिच्यावर तेच अक्षर आहे, दोन काठ्यांचं. ती म्हणजे 'आत्ताच पुसून टाका' असेल तर?"

"म्हणून तर नोटिंग. तुझी नस्ती दे इकडे."

माझ्या वहीला ते नस्तीच म्हणतात, सरकारी फाइल असल्यासारखं. पट्टीवर चार अक्षरं होती. त्यांनी ती पेन्सिलने एका कागदावर मोठी मोठी उतरवून घेतली, शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. पहिलं, दोन काठ्या. दुसरं, झेंडा आणि घर. ही दोन पहिल्या पानावर होतीच, लाल पेनात. म्हणजे 'पुसणे'.

"आता उरलेली दोन. पाय दुमडून बसलेला माणूस. आणि तीन थेंब, शिडी."

आम्ही पान-पान उलटत गेलो. तात्या बोट फिरवत होते, मी वाचत होते. मासे, वाफे, बियाणं. बाविसाव्या पानावर बसलेला माणूस सापडला. त्याच्या शेजारी तीन थेंब. पुढे माझंच अक्षर, 'दुकानात मांडलेली वस्तू परत घेणे. छत्रीबाईंनी दाखवलं. दाबलं की वस्तू घरी येते.'

तात्यांनी त्या ओळीवर बोट टेकवलं.

"पुसणे," तात्या म्हणाले, "परत घेणे. वाच बरं एकत्र."

त्यांनी माऊस माझ्यापुढे सरकवला. मी पट्टी दाबली. चौकट आली. या वेळी एंटर मारला नाही, नीट वाचलं. दोन अक्षरी म्हणजे हो, तीन अक्षरी म्हणजे नाही, पान एक. दोन अक्षरी दाबलं.

राखेतून रंग चढत जावा तसा बाहुलीचा फ्रॉक परत निळा झाला. खालचे आकडे गेले. डावी पट्टी उजळली.

"मंजूर," तात्या म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

तेवढ्यात दारात आई. कडेवर शिवू, हातात पालकाची जुडी. "काय झालं? रडतेयस का हसतेयस?"

मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "तुझ्या टिकल्यांनी घात केला होता."

"माझ्या?"

"नाही हो आई, तसं काही..."

पण त्या पुढे आल्या होत्या. "मी पुसताना निघाल्या गं त्या. मला वाटलं, हौसेने लावल्यायत, परत नीट लावाव्यात. लाल मळली होती, मी माझ्या पाकिटातली नवी दिली. लाल कुंकवाची, म्हणून आधी लावली. हिरवी नंतर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "का गं, उलट झालं?"

त्यांच्या घरी लाल पहिली. माझ्या सिग्नलवर लाल म्हणजे थांब. यात चूक कोणाची म्हणणार? मी त्यांना मिठीच मारली, पालकासकट. आणि म्हटलं, "आई, चूक माझीच. मी नवमीलाच उघडला होता."

त्यांनी पालकाची जुडी खाली ठेवली. मग शिवूला माझ्याकडे देत म्हणाल्या, "माहितीये मला. झेंडू उलटा ठेवला होतास."

तात्या एवढ्या मोठ्याने हसले की शिवू दचकली.

मी डावी पट्टी दाबली. गाव उघडलं. माझं घर, कुंपण. झाडं सुकली असतील म्हणून मन घट्ट केलं होतं, पण माती ओली होती. आणि दाराशी पिवळी छत्री. छत्रीबाई खाली बसल्या होत्या, मूल उठल्यावर बसतात तशा. मी पुढे गेले. त्या उठल्या. उठल्या आणि छत्री फिरवायला लागल्या, गरागरा, थांबेचनात. वर काहीतरी लिहिलं, खूप लांब, तीन ओळी. मला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

"हीच का ती?" आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "बाई, रोज थांबते? चार दिवस?"

"हो."

"लेकुरवाळी आहे म्हणतेस ना?"

"हो, आई."

"मग तिला सोनं दिलंस का?"

"आई, दसरा होऊन गेला."

"आमच्याकडे कोजागिरीपर्यंत चालतं. काही पानबीन आहे का तुझ्या त्या गावात?"

माझ्या घरामागे एक झाड होतं. गेल्या महिन्यात छत्रीबाईंनीच लावायला शिकवलेलं. पान काही जुळं नव्हतं, पण कचनार चालत असेल तर हेही चालेल. मी एक तोडलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि बाहुलीला वाकायला लावलं. त्या थोडा वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग माझ्या झाडापाशी गेल्या, एक पान तोडलं, माझ्यापुढे ठेवलं, वाकल्या.

"शहाणी आहे," आई म्हणाल्या. "न सांगता कळलं."

शिवूने तेवढ्यात हात पुढे करून काचेवरची लाल टिकली उपटली आणि थेट तोंडात घालायला निघाली. मी बाहुलीला खाली बसवलं आणि तिच्यामागे लागले. टिकली शेवटी तात्यांच्या चष्म्याला चिकटलेली सापडली. परत येऊन बघते तर पडद्यावर छत्रीबाई माझ्या शेजारी बसलेल्या, छत्री दोघींवर धरून.